बसून दाखवा

उंब्रजच्या पुढे, हायवेवरच्या एका हॉटेलात मी मिसळ उभ्याने खाल्ली. वेटरने दोनदा खुर्ची पुढे सरकवली, दोनदा मी "असू दे" म्हटलं. पुण्याहून निघून जेमतेम दीडशे किलोमीटर झाले होते, कोल्हापूर अजून लांब होतं. खंबाटकी चढेपर्यंत सगळं ठीक होतं. पाचवडपासून बुडाखाली कुणीतरी निखारे सारल्यासारखं व्हायला लागलं आणि साताऱ्यानंतर अजिंक्यतारा कुठल्या बाजूला गेला हेही मला कळलं नाही.

गाडी आठ महिन्यांची. शोरूममध्ये तिच्यावर पहिल्यांदा बसलो तेव्हा लोण्यावर बसल्यासारखं वाटलं होतं. शोरूममध्ये माणूस दोन मिनिटं बसतो. सीट त्या दोन मिनिटांसाठीच बनवलेली असते, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय 'बैठक'. गाण्याची बैठक, लावणीची बैठक, पेढीवरची गाद्या-लोड घातलेली बैठक, काय हवं ते घ्या म्हणाले. मी म्हटलं, मोटारसायकलची घेतो. पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाले, "दोन हजार शब्द. आणि जाऊन बघून लिहा."

पाकीट

पुण्यात दुचाकीला काहीही हवं असेल तर नाना पेठ. एका गल्लीत नुसते आरसे आणि हॉर्न, दुसरीत चेनस्प्रॉकेट, तिसरीत गॅस्केटचे कागद आणि ऑइल सील. सीटवाले मधूनमधून पेरलेले. दाराबाहेर दोरीला कव्हरं टांगलेली, बहुतेक काळी, काही तपकिरी, एखादं भडक लाल. वाऱ्यावर हलली की वाळत घातलेल्या हातमोज्यांसारखी दिसतात. बहुतेक ठिकाणी तयार कव्हर ताणून बसवून मिळतं, काम वीस मिनिटांचं. फोमला हात घालणारे थोडे. तीन दुकानांतून पुढे पाठवला गेलो तेव्हा चौथ्या दुकानात चाचा भेटले.

दुकान आठ बाय दहाचं. एका भिंतीला जुनं पायमशीन, त्याला आता मोटर लावलेली. दुसऱ्या भिंतीला फोमच्या लाद्या उभ्या. खाली कातरणांचा ढीग आणि त्यावर झोपलेलं एक मांजर. हे मांजर पुढे आपल्याला लागणार आहे. चाचा साठीच्या पुढचे, चष्मा दोरीला बांधलेला. वडील टांग्याच्या गाद्या भरायचे. टांगे गेले तसे रिक्षांचे टप शिवायला लागले. चाचांनी स्कूटरच्या सीटांपासून सुरुवात केली.

मी माझं दुखणं सविस्तर सांगायला लागलो. दोन वाक्यं झाली आणि त्यांनी हात वर केला.

"सांगू नका साहेब, बसून दाखवा."

पोऱ्याने पुढून हँडल धरलं, गाडी सरळ उभी केली. मी बसलो, पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर. चाचांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग मागे जाऊन उकिडवे बसून पाहिलं. "आता रोज बसता तसे बसा." मी म्हटलं, तसाच बसलोय. "नाही. आता फोटो काढायला बसल्यासारखे बसलाय." दोन-तीन मिनिटं काही न बोलता मला तसंच ठेवलं. हळूहळू माझा पाठीचा कणा वाकला, खांदे उतरले, बूड टाकीच्या दिशेने चार बोटं सरकलं. तेव्हा ते "हां" म्हणाले.

मग मला उतरवलं आणि सीटवर तिरका उजेड पडेल अशी गाडी वळवायला लावली. चांभार चपलेचा तळ बघून माणूस कसा चालतो ते सांगतो, तसं हे वाचन होतं. रेक्झिनवरची बारीक खडबड जिथे घासून गेली होती तिथे चकाकी आली होती. डावीकडे फिकट, उजवीकडे चांगली रुपयाएवढी लखलखीत.

"पाकीट कुठल्या खिशात?"

मागच्या, उजव्या. काढून दिलं. त्यात लायसन्स, आधार, चार कार्डं, लॉन्ड्रीच्या पावत्या, सिद्धिविनायकाचा फोटो आणि 2 जुन्या नोटा, ज्या बँकेत द्यायच्या राहिल्या. चाचांनी फूटपट्टी लावली. पाऊण इंच.

"एवढी पट्टी मी तुमच्या सीटमध्ये एकाच बाजूला घातली, तर तुम्ही मला शिव्या द्याल. आणि स्वतः रोज घालून बसता."

मी हसलो, पण नंतर एका हाडांच्या डॉक्टर मित्राला विचारलं तेव्हा तो हसला नाही. आपण बसतो ते मांसावर नाही, दोन हाडांवर. मराठी वैद्यकाच्या पुस्तकात त्याला आसनास्थी असं सुंदर नाव आहे. ओटीपोटाच्या हाडांच्या सांगाड्याची ही खालची दोन टोकं. बसल्यावर धडाचं बरंचसं वजन त्यांच्यावर येतं. एका बाजूला पाऊण इंच उचललं की सांगाडा कलतो, कणा तो कल भरून काढायला उलटा वाकतो, आणि पाकिटाखालून मांडीत उतरणारी नस चेमटते. म्हणजे माझ्या उजव्या मांडीतली जी कळ मी कंपनीच्या नावावर मांडत होतो, तिच्यातला काही हिस्सा लॉन्ड्रीच्या पावत्यांचा होता.

गुडघ्याने बघा

सीटवाल्याकडे येणारं दहातलं नऊ गिऱ्हाईक एकच मागणी घेऊन येतं: मऊ करा. मीही तेच म्हणालो.

चाचांनी दोन तुकडे काढले, दोन्ही दोन-दोन इंच जाडीचे. एक पांढरा, एक राखाडी. अंगठ्याने दाबून बघा म्हणाले. पांढरा छान दबला, राखाडी जरा हट्टी. पांढरा आवडला? आवडला. मग पांढरा फरशीवर ठेवून म्हणाले, आता गुडघा टेका. गुडघा थेट फरशीला लागला. राखाडीवर टेकला तर तो अर्ध्यात थांबला.

"अंगठ्याने फोम बघू नका, गुडघ्याने बघा. तुमची हाडं अंगठा नाहीत."

शोरूममधलं लोणी हे असं वितळतं. फोम मऊ असेल तर तो पूर्ण दबतो, आणि पूर्ण दबलेला फोम म्हणजे नसलेला फोम. त्याखाली सीटचा पत्रा, हल्ली बहुधा प्लास्टिकचा. पहिली दहा मिनिटं तुम्ही फोमवर बसता, त्यानंतर पत्र्यावर. वर आणखी एक गंमत आहे. मऊ फोममध्ये बूड रुततं आणि हाडांच्या मधल्या, जिथे भार यायलाच नको त्या नाजूक जागेलाही दाब लागतो. जरा घट्ट फोम हाडांना वर उचलून धरतो.

यात लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, दुकानदारही करतात. 'चाळीसचा फोम' म्हणजे घट्ट फोम असं समजलं जातं. हा चाळीसचा आकडा घनतेचा, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. घनता सांगते फोम किती दिवस टिकेल, लवकर बसेल की नाही. तो किती कडक आहे हे वेगळं मोजतात. घनता जास्त पण मऊ असा फोम असतो, आणि घनता कमी पण कडक असाही, जो सहा महिन्यांत खड्डा होऊन बसतो. चाचांना घनमीटर वगैरे माहीत नाही. ते लादी उचलून हातात तोलतात, मग गुडघा टेकतात. दोन्ही चाचण्या झाल्या.

त्यांची स्वतःची पद्धत थरांची. खाली रिबॉन्ड, म्हणजे फोमच्या चिंध्या चिकटवून दाबून केलेली लादी, कापली की आत रंगीत चिवड्यासारखी दिसते. वर एक-दीड इंच लवचीक, चांगला उसळणारा फोम. सगळ्यात वर हवं असेल तर अर्धा इंच मऊ, "गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता". जेलची गादी मागणारे पुष्कळ येतात. चाचा ती बसवून देतात, पण मनापासून नाही. जेल दाब पसरवतं हे खरं, पण पार्किंगमध्ये उन्हात तासभर तापलं की ते ऊन धरून ठेवतं, आणि मग तुम्ही तव्यावर बसता. मेमरी फोमचं उलटं दुखणं: तो तापमानावर चालतो. थंडीत पहाटे निघालात तर लाकूड, दुपारी चिखल.

घट्ट सीटचा आग्रह नाना पेठेचाच आहे असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात कॉर्बिन नावाचा मोटारसायकलच्या सीटांचा नावाजलेला कारखाना आहे. तिथेही गिऱ्हाईक गाडीवर बसून येतं आणि सीट करून घेऊन जातं. त्यांच्या सीटा पहिल्यांदा बसणाऱ्याला कडक लागतात, अशी त्यांची ख्यातीच आहे. आणि 1984 पासून तिकडे 'आयर्न बट असोसिएशन' नावाची संस्था आहे. नावाचं भाषांतर वाचकांनी मनातल्या मनात करावं. 24 तासांत 1000 मैल, म्हणजे 1600 किलोमीटरच्या वर गाडी मारली की तिचं प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडच्या रायडरांनीही ते मिळवलं आहे. माझी मजल उंब्रजपर्यंतची.

गोटी

फोम हा निम्मा भाग. उरलेला उताराचा. चाचांच्या गल्ल्यात एक काचेची गोटी आहे. गाडी मधल्या स्टँडवर किंवा पोऱ्याच्या हातात सरळ उभी करून ते ती सीटच्या मधोमध ठेवतात. माझ्या सीटवर ठेवली आणि ती सरसर टाकीपाशी गेली.

म्हणजे दर ब्रेकला मी पुढे घसरत होतो, दर किलोमीटरला स्वतःला मागे ढकलत होतो, आणि त्या घासाघाशीत कातडी सोलवटत होती. हातही दुखायचे, कारण घसरणारं अंग मी हँडलवर तोलून धरत होतो. कंपन्या हा उतार मुद्दाम ठेवतात. सीटचं नाक पुढे खाली आणि निमुळतं असलं की उभं राहताना पाय जमिनीला पोचतात. उंचीची ही अडचण खरी आहे. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून 785 मिलिमीटरवर, जुन्या हिमालयनची 800, तर चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या 390 अ‍ॅडव्हेंचरची, ती आली तेव्हा, 855. साडेपाच फुटांच्या माणसाला शेवटच्या गाडीवर सिग्नलला बोटांच्या टोकावर नाचावं लागतं. मग तो सीटवाल्याकडे येऊन म्हणतो, दोन इंच कापा. दोन इंच कापले तर खाली पत्राच राहील, हे त्याला पटवायला चाचांना चहा सांगावा लागतो. बऱ्याचदा उंची न कापता नाकाच्या दोन्ही कडा मारल्या, तरी मांड्या जवळ येतात आणि पाय खाली पोचतो. शिवाय सीट खाली गेली की गुडघा जास्त मुडपतो. इकडचं दुखणं तिकडे.

बेसन

काम सुरू झालं तेव्हा आधी सीट उलटी केली. रेक्झिनची कड पिनांनी ठोकलेली; चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने आणि पकडीने पोऱ्या एकेक उपटत होता. मी मोजल्या, 94. कव्हर निघालं आणि आतला फोम दिसला, पिवळसर, दोन बसकट खड्डे पडलेला. उजवा खोल. माझ्या आठ महिन्यांचा ठसा.

चाचांनी खडूने रेघा मारल्या. कापायची सुरी म्हणजे दगडावर घासून धार लावलेलं हॅक्सॉचं पातं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. सपसप कापून झालं की ग्राइंडरला खरखरीत चकती लावून घासायचं. फोमची पूड उडते, अगदी बेसनासारखी, आणि भुवयांपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर बसते. पोऱ्याच्या तोंडाला रुमाल. मी मास्कचं बोललो. चाचा म्हणाले, कोविडमधले अजून पडलेत, घालत नाही कुणी. मला ते पटलं नाही. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, म्हणजे मीही त्यांच्यासाठी काही केलं नाही.

थर चिकटवायला पिवळं सोल्युशन. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच टेकवायचं. चुकून वाकडं टेकलं तर फोम फाटतो पण सुटत नाही. ते झाल्यावर कव्हर न घालता वर नुसता प्लास्टिकचा कागद टाकून मला सांगितलं, क्वार्टर गेटपर्यंत जाऊन या. गेलो. आलो. डावीकडे थोडं टोचतंय म्हटलं. चार वेळा घासणं, तीन चकरा. चौथ्या खेपेला गोटी ठेवली, ती जागच्या जागी डुगडुगली आणि थांबली.

कव्हर ताणण्यातही कसब आहे. फार ताणलं की वरचं रेक्झिन ढोलकीच्या पुडीसारखं होतं, आणि मग खाली कितीही चांगला फोम असो, तुम्ही कातड्यावर बसता. सैल सोडलं की सुरकुत्या, सुरकुतीत पाणी. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या एका इंग्रज कंपनीच्या मालाचं नाव. ती नकली कातडी सेल्युलोजची असायची. आता सगळं पीव्हीसी, नाव तेवढं चिकटून राहिलं. तसाच फोमही परका. पॉलियुरेथेन 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलं. त्याच्या गाद्या व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. त्याआधी सीटमध्ये स्प्रिंगा, वर गोणपाट, वर काथ्या. चाचांच्या वडिलांना तीच विद्या अवगत होती. बुलेटच्या त्या स्प्रिंगवाल्या सीटवर बसलेला माणूस खड्ड्यात गाडीपेक्षा वेगळ्या तालात उसळायचा. 2009 मध्ये क्लासिक आली तेव्हा कंपनीने ती स्प्रिंग हौसेखातर परत आणली. चाचा त्यावर एवढंच म्हणाले, "दिसते छान."

पावसाळा आणि मांजर

दुकान सीटच्या आरामावर चालत नाही. चालतं ते फाटलेल्या कव्हरांवर. पहिला गुन्हेगार मांजर: सोसायटीच्या पार्किंगमधली मांजरं नखं परजायला रेक्झिनच निवडतात. चाचा आपल्या मांजराला दूध का पाजतात हे मला तेव्हा कळलं. दुसरा ब्लेडवाली पोरं. तिसरा ऊन.

फट पडली की पावसाळा आत शिरतो. सीटचा फोम उघड्या छिद्रांचा असतो, स्पंजासारखा पाणी पितो. वरून तुम्ही फडक्याने कोरडं पुसता, ऐटीत बसता, आणि ऑफिसला पोचेपर्यंत पँटीवर नकाशा उमटलेला असतो. पुण्यातल्या प्रत्येक नोकरदाराने हे भोगलं आहे. म्हणून जून ते सप्टेंबर निम्म्या शहराच्या सीटांवर दुधाच्या नाहीतर साडीच्या दुकानाच्या पिशव्या चढवलेल्या दिसतात. चाचा कव्हरखाली अखंड प्लास्टिक घालतात आणि बसायच्या जागी शिवण येऊ देत नाहीत. शिवण म्हणजे सुईची भोकं, आणि भोक म्हणजे नळ. तयार कव्हरांवर ऐन मधोमध ज्या चौकटी-चौकटींच्या नक्षीदार शिलाया असतात, त्या त्यांना बघवत नाहीत.

मी तिथे असताना घरपोच जेवण पोचवणारा एक मुलगा आला. दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर. त्याच्या सीटला खड्डा नव्हता, दरी होती. चाचांनी सांगितलेला आकडा ऐकून तो गप्प झाला. नुसतं कव्हर 400-500 रुपयांत होतं, फोमसकट नीट करायचं तर दीड-दोन हजारांच्या पुढे. आणि मुख्य म्हणजे गाडी अर्धा दिवस उभी. अर्धा दिवस म्हणजे तेवढ्या ऑर्डरी. शेवटी चाचांनी त्याला रिबॉन्डचा एक तुकडा खड्ड्यात चिकटवून वीस मिनिटांत मोकळं केलं. ज्याला सीटची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडे बसायला वेळ नाही.

मागची बाजू

महिनाभराने पुन्हा कोल्हापूर. दुखणं गेलं नाही, पण ते पाचवडवरून कराडच्या पुढे सरकलं, आणि पेठ नाक्याला मी खुर्चीत बसून चहा प्यायलो. पाकीट जॅकेटच्या आतल्या खिशात. मी खूश होतो. मागे बसलेली बायको नव्हती.

"तुझी सीट खाली गेली, माझी होती तिथेच राहिली. मी माळ्यावर बसल्यासारखी बसलेय. मला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मागे बसणारं माणूस कायद्याला मात्र आठवलं आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 128 वं कलम म्हणतं की मागे एकच जण बसावा, आणि तोही घट्ट बसवलेल्या योग्य सीटवर. केंद्रीय नियमांतला 123 वा नियम आणखी पुढे जातो: मागच्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते हेच. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचा विचार करून सरकारने नियम केला, पण सीटा बनवणाऱ्यांनी अलीकडे मागची सीट वितभर रुंदीची आणि शेपटीसारखी वर उचललेली केली. पुढची सीट विकली जाते, मागची फक्त असते.

पुढच्या शनिवारी दोघं नाना पेठेत गेलो. मी चाचांना सांगायला लागलो, मागच्या बाजूचं असं असं झालंय. हात वर झाला.

"साहेब, तुम्ही नका सांगू. ताई, बसून दाखवा."

ती बसली. आधी दोन्हीकडे पाय टाकून, मग उतरून, लग्नाकार्याला साडीत बसते तशी एका बाजूला. चाचा उकिडवे. एका बाजूला बसलं की सगळा भार डाव्या कडेवर येतो, ती कड मांडीत रुतते आणि पाय बधिर होतो, हे तिने न सांगताच त्यांनी ओळखलं. "किती वेळात मुंग्या येतात? दहा मिनिटं?" ती म्हणाली, "दहा कसली, स्वारगेटपर्यंतच." डावी कड मारून गोल करायची, मागचा उंचवटा काढायचा, तिथला फोम पुढच्यापेक्षा जरा मऊ घ्यायचा, कारण मागच्याला धक्का आधीच जास्त बसतो, तो चाकाच्या डोक्यावर असतो आणि खड्डा त्याला दिसत नाही. एका रायडरने गेल्या वर्षी फ्रेमच मागून कापून द्या म्हणून हट्ट धरला होता, तो त्यांनी परत पाठवला. फोमला हात लावीन, लोखंडाला नाही.

खडूची रेघ मारली. ती वाकून बघत म्हणाली, "अजून थोडं मागे घ्या." चाचांनी अंगठ्याने रेघ पुसली आणि दुसरी मारली. "अजून बोटभर." पुन्हा पुसली.

पोऱ्या चहा आणायला गेला होता. हँडल मी धरलं होतं.